‘बसतंय की!’ : एडिटिंगच्या कॉम्प्युटरचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. २०१९ च्या पुरात मारुती चौकाजवळचं दुकान पाण्यात गेलं, तेव्हापासून विश्रामबागला पहिल्या मजल्यावर काम चालतं. जुन्या कॉम्प्युटरवर एचडीपर्यंत निभावलं, पण ४के आल्यावर तो धापा टाकायला लागला. म्हणून दसऱ्याला नवीन असेंबल करून घेतला. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंतची अख्खी लगीनसराई त्याच्यावर काढली, आता आषाढात जरा उसंत आहे म्हणून लिहितोय.

घेतलं ते असं: इंटेल आय५-१२४००एफ प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. रॅमच्या १६ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या आणि फुटेजची हार्ड डिस्क मात्र जुन्या कॉम्प्युटरमधल्याच. यातला प्रोसेसर आज माझ्याकडे नाही. तो का बदलला हेच मुख्य सांगायचंय.

खरेदीच्या वेळी काहीही विचारलं की दुकानदाराचं एकच उत्तर, “बसतंय की!” पहिला फटका घरी आल्याआल्याच बसला. रॅमची पट्टी खाचेत जाईना. दाबायला हात उचलला होता, तेवढ्यात पुतण्या ओरडला, “काका, थांबा!” पट्टीवरची खाच आणि बोर्डावरचा उंचवटा समोरासमोर येतच नव्हते. पट्ट्या डीडीआर४ च्या आणि हातात आलेला बोर्ड डीडीआर५ चा. बी६६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि नावं जवळजवळ सारखीच असतात. बऱ्याचदा फरक असतो शेवटच्या ‘डी४’ एवढ्या अक्षरांचा. पिना दोन्हींत २८८ च, पण एकात दुसरी जात नाही. जोर लावला असता तर बोर्डच गेला असता. बदलून मिळाला, पण चार दिवस गेले. खोक्यावरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता प्रोसेसर. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला. “कार्ड घेताय ना, मग एफच घ्या, स्वस्तात बसतंय,” असा सल्ला मिळाला. गेम खेळणाऱ्याला तो सल्ला बरोबर आहे. मलाही दोन महिने काही जाणवलं नाही. जानेवारीत सोनी ए७ फोर कॅमेरा घेतला आणि एच.२६५ (फाइल लहान ठेवणारा व्हिडिओचा प्रकार), १०-बिट, ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असं शूट करायला लागलो. मिरजेतल्या एका लग्नाचं फुटेज प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं तर अंतरपाट दूर होतानाचा शॉट अडखळत, तुकड्यातुकड्यांनी चालायला लागला. मंगलाष्टकांचा आवाज पुढे आणि चित्र मागे. वाटलं कार्ड खराब निघालं. प्रत्यक्षात ३०६० ला ४:२:२ चं फुटेज उलगडताच येत नाही, कार्ड कितीही चांगलं असलं तरी. ते काम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा खास भाग) करतं, आणि मी नेमकं तेच वगळून प्रोसेसर घेतला होता. सगळे पार्ट एकमेकांत बसत होते, पण माझ्या कामाला कोणी विचारलंच नव्हतं.

तो विकून आतलं ग्राफिक्स असलेला आय५-१२५०० घेतला. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) तेच, एलजीए १७००, त्यामुळे बोर्ड बदलावा लागला नाही. तरीही अडखळणं चालूच! कार्ड लावलेलं असलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू केलं, प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या डिकोडिंगवर टिक केली, तेव्हा तो शॉट एकदाचा सरळ चालला. त्याच फेरीत बायोसमध्ये रॅम २१३३ वर चाललेली दिसली; एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्यावर ३२०० झाली. म्हणजे इतके महिने विकतचा वेग वापरलाच नव्हता.

एप्रिलमधली एक रात्र मात्र विसरणार नाही. जागा कमी पडली म्हणून एक एम.टू (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी दुसऱ्या खाचेत लावली आणि हार्ड डिस्कच गायब. तीन लग्नं होती तिच्यावर, त्यातल्या एकाची दुसरी प्रत अजून काढलेली नव्हती. केबल बदलली, पॉवरची वायर बदलली. शेवटी डिस्कला कान लावला तर आत घरघर चालू होती, म्हणजे जिवंत होती. बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात तळटीप सापडली: त्या खाचेत साटा प्रकारची एसएसडी लावली तर दुसऱ्या क्रमांकाचं साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) बंद होतं. केबल चौथ्या पोर्टात घातली, डिस्क दिसली. तेव्हापासून मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की आधी दोन प्रती, मग चहा.

वळवाच्या दिवसांत लाइट जायला लागली तसा जुना ६०० व्हीएचा यूपीएस उघडा पडला. नुसतं टाइप करताना टिकायचा. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की सगळंच बंद. नुसतं ग्राफिक्स कार्ड १७० वॉट आणि प्रोसेसर जोरात असला की ११७ पर्यंत जातो, वर मॉनिटर. तो यूपीएस सांभाळणार ३६० वॉट, तेही नवा असताना. आता ११०० व्हीएचा आहे. पॉवर सप्लायचा हिशोब सगळे करतात, यूपीएसचाही करा. कॅबिनेटबद्दल एवढंच की मेच्या उन्हात पुढची काच काढून जाळीचं तोंड असलेलं घेतलं आणि लांब एक्सपोर्टला प्रोसेसर ८८ वरून ७४ अंशांवर आला.

आज चार तासांचं लग्न टाइमलाइनवर अडत नाही, पार्ट्यांना तारीख देताना मन धाकधुकत नाही. पैशाचं चीज झालं.

रॅमच्या दोन खाचा रिकाम्या आहेत, त्या भरायच्यात. चारही भरल्या की ३२०० चा वेग टिकेलच असं नसतं, म्हणून श्रावणात जुन्या पट्टीवरचा पार्ट नंबर कागदावर उतरवून दुकानात जाणार आहे आणि लावून, बायोस दाखवून मगच पैसे देणार आहे.