क्रूझवर डायव्हिंगचे किट: सगळे घरून न्यावे की बंदरावर भाड्याने घ्यावे?

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या मुलाकडे जायचे आणि तिथून कॅरिबियन समुद्रातली आठवड्याची क्रूझ करून यायचे, हे बडोद्यातल्या मराठी घरांत आता नवलाचे राहिलेले नाही. त्यांतल्या काही जणांनी तारकर्लीला किंवा अंदमानात स्कुबा (पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे) शिकून त्याचे प्रमाणपत्र-कार्ड मिळवलेले असते आणि निघण्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. माळ्यावरचे स्वतःचे किट बरोबर घ्यायचे, की कोझुमेल, रोआतान अशा बंदरांवर उतरल्यावर तिथल्या डाइव्ह शॉपकडून भाड्याने घ्यायचे? टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनहून सुटणाऱ्या जहाजांवर मी दोन्ही करून पाहिले आहे. माझा कल एका बाजूला आहे, परंतु दुसरी बाजू पूर्णपणे चुकीची आहे असे मी म्हणणार नाही.

नियमांचा प्रश्न आधीच बाजूला ठेवतो. मास्क, पायांत घालायच्या फिन्स, सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारा रेग्युलेटर, हवा भरून तरंगणे सांभाळणारे बीसीडी जाकीट या वस्तूंना बहुतेक क्रूझ कंपन्यांची हरकत नसते. हवेचे सिलिंडर आणि बुडण्यासाठी अंगावर बांधायचे शिसे डाइव्ह शॉपच पुरवते, त्यामुळे ते वाहून नेण्याचा प्रश्नच येत नाही. स्पिअरगन जहाजावर चालत नाही. मोठ्या पात्याचा चाकू चढतानाच काढून घेतला जातो आणि कोझुमेलच्या सागरी उद्यानात तर चाकू आणि हातमोजे या दोन्हींवर बंदी आहे, म्हणजे प्रवाळाला हात लावण्याचा मोहच होऊ नये; तेव्हा ते घरीच राहिलेले बरे. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. एवढे सांभाळले की दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

संपूर्ण किट स्वतःचे असण्याचे सुख मी नाकारत नाही. बीसीडीचा कोणता पट्टा किती ओढायचा आणि हवा सोडण्याच्या डंप व्हॉल्व्हची दोरी नेमकी कुठे सापडते, हे हाताला पाठ झालेले असते. आपल्या वेटसूटला (पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाला) किती शिसे लागते याची नोंद लॉगबुकात असल्यामुळे पहिल्या बुडीतला बराचसा वेळ खाली-वर होण्यात जात नाही. दुकानात बाकीचे प्रवासी ढिगातून फिन्सच्या जोड्या जुळवत असताना आपण बाकावर निवांत बसलेले असतो, हेही खरे आहे.

पैशांचा हिशेब मात्र वाटतो तेवढा या बाजूला झुकत नाही. जहाजाच्या कंपनीमार्फत घेतलेल्या डाइव्हमध्ये भाड्याचे किट बहुधा किमतीतच धरलेले असते आणि आपण आपले नेले म्हणून काही कमी होईल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. बाहेरच्या दुकानात वेगळे भाडे पडते, पण आठवड्याच्या क्रूझमध्ये बुडी मारण्याजोगी बंदरे मिळून मिळून दोन-तीनच मिळतात. शिवाय अमेरिकेच्या विमानात आपल्याकडून जाताना सर्वसाधारणपणे २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्यांतली निम्मी बॅग किटने व्यापली की लीला चिवडा, भाकरवडी आणि सूनबाईंनी फोनवर सांगितलेली यादी कुठे बसवायची, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवावा.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशावरही झाला नाही. तो झाला किट वाळवण्यावर.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमधले न्हाणीघर म्हणजे एका माणसाने कोपरे अंगालगत ठेवून आंघोळ करावी एवढी जागा. तिथे बीसीडी धुवायचे म्हणजे इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या) नळीतून गोडे पाणी आत सोडायचे, ते सगळीकडे फिरेल असे हलवायचे, मग बीसीडी उलटे धरून खालच्या व्हॉल्व्हमधून ते काढून टाकायचे आणि आतला खार पुरता निघेपर्यंत हेच पुन्हा करायचे. शॉवरच्या एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढून अडकवायची एक बारीक दोरी बहुतेक जहाजांत असते. ती पोहण्याच्या कपड्यांसाठी केलेली असते. तिच्यावर तीन मिलिमीटरचा ओला वेटसूट टांगला की ती मधोमध झोळीसारखी लोंबते आणि सूटचे पाय खालच्या पाण्यातच राहतात. बाल्कनीत काही टांगायला बहुतेक जहाजांवर मनाई असते. ती योग्यच आहे, कारण चालत्या जहाजावरचा वारा हलकी वस्तू केव्हा समुद्रात टाकील हे सांगता येत नाही. केबिनच्या भिंती लोखंडी असल्यामुळे चुंबकाचे हुक त्यांना चिकटतात, म्हणून मी बीसीडी दारामागे टांगून खाली जहाजाचा टॉवेल अंथरला. रात्रभर थेंब टपकत राहिले आणि सकाळी सूट उलटा करून पाहिला तर गुडघ्यांची आतली बाजू आदल्या संध्याकाळइतकीच ओली होती. बडोद्यात पावसाळा सोडला तर गच्चीवर सावलीत टाकलेला हाच सूट दिवसभरात खडखडीत वाळतो, त्यामुळे ही अडचण घरी बसून लक्षात येत नाही. त्या सकाळी सौ. शांतपणे म्हणाली, “भाडं भरलंय दोघांचं आणि राहतोय आपण तिघं.”

त्यात भर पडते शेवटच्या रात्रीची. मोठ्या जहाजांवर उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे सकाळी त्या धक्क्यावर मिळतात. शेवटचे बंदर उतरण्याच्या जरासेच आधी आले असेल, तर किट ओलेच बांधण्यावाचून इलाज उरत नाही. बॅगा स्वतः उचलून उतरण्याची मुभा असते, पण ओल्या किटची बॅग ओढत रांगेत उभे राहणे आमच्या वयाला मानवत नाही. मग ह्यूस्टनला पोहोचून बॅग उघडली की जो आंबूस दर्प येतो, तो मुलाच्या गॅरेजमधून बरेच दिवस हटत नाही.

ओल्या किटबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि ती केवळ आपल्या सोयीची नाही. २०१४ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ कठीण प्रवाळांची ऊती झडण्याचा एक रोग प्रथम दिसून आला आणि २०१८ मध्ये तो मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पोहोचला. एका प्रवाळभित्तीवरून दुसरीकडे जाताना डायव्हरने आपले किट निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे, अशी सूचना तेव्हापासून तिकडे वारंवार दिली जाते. एका आठवड्यात दोन-तीन देशांच्या पाण्यात उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशाला हे जितके लागू पडते तितके इतर कोणालाच पडत नसेल, आणि ते पाळण्याची सोय त्याच्याकडेच सर्वांत कमी असते. भाड्याचे किट त्या त्या बंदरावरच राहते, हा त्याचा मोठा गुण मला नंतर पटला. खास डायव्हिंगसाठीच्या लिव्हअबोर्ड बोटींची गोष्ट वेगळी आहे; तिथे धुण्याच्या टाक्या आणि टांगण्याच्या दांड्या डेकवरच असतात आणि तिथे मी संपूर्ण किट आनंदाने नेईन.

भाड्याच्या किटमध्येही दोन वस्तू अशा आहेत की त्या मी परक्याच्या घेत नाही. पहिली मास्क. चेहरा प्रत्येकाचा वेगळा आणि आमच्यासारख्या मिशीवाल्यांच्या बाबतीत वरच्या ओठापाशी सिलिकॉनची कड नीट बसत नाही, तिथून पाणी झिरपत राहते. घरच्या मास्कची कड कुठे बसवायची आणि मिशी किती कापायची हे जमून गेलेले असते. शिवाय चष्म्याच्या नंबरच्या काचा दुकानात मिळतील याची खात्री नसते, आणि डाइव्ह काँप्युटरवरचा (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्रावरचा) आकडा वाचता येत नसेल तर बुडीचा अर्धा आनंद आणि बरीचशी सुरक्षितता तिथेच संपते.

दुसरी वस्तू डाइव्ह काँप्युटर. आज कोझुमेलला दोन बुड्या मारल्या आणि उद्या वा परवा दुसऱ्या बंदरावर पुन्हा उतरायचे असेल, तर पाण्याखाली श्वासातून अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब सलग राहायला हवा. रोज वेगळ्या दुकानाचा काँप्युटर घेतला तर त्यात आपल्या मागच्या बुड्यांची नोंद नसते, किंवा सकाळी तो दुसऱ्याच कोणाच्या मनगटावर असेल तर भलत्याचीच असते. तो नायट्रोजन निघून जावा म्हणून परतीच्या विमानाआधी किती वेळ थांबायचे हेही स्वतःचा काँप्युटर सांगतो. अनेक दिवस बुड्या मारल्यास विमानापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. क्रूझवाल्याला ते सहज पाळता येते, कारण जहाज समुद्रसपाटीवरच असते. फक्त शेवटच्या बंदरावरूनच विमान पकडणाऱ्यांनी सावध राहावे. मनगटावरची ही वस्तू धुवायला एक मग पाणी आणि पुसायला रुमाल पुरतो.

रेग्युलेटरबाबत माझे मन अजून पूर्ण ठरलेले नाही. तो तुलनेने लवकर वाळतो, वजनही फार नसते आणि कोणाच्या तोंडातला तुकडा आपल्या तोंडात घेण्याची कल्पना अनेकांना नकोशी वाटते. पण त्याची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावी लागते, त्यासाठी आम्हांला बडोद्याहून तो मुंबईला पाठवावा लागतो, आणि गर्दीच्या दुकानातला रोज वापरात असणारा रेग्युलेटर माळ्यावर पडून राहिलेल्या रेग्युलेटरपेक्षा वाईटच असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मधला मार्ग म्हणून मी फक्त स्वतःचा माउथपीस (दातांत धरायचा रबरी तुकडा) आणि दोन प्लॅस्टिकचे टाय नेतो. दुकानातला माणूस जुना टाय कापून तो तिथल्या तिथे बदलून देतो, आणि आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. ज्यांना स्वतःचा रेग्युलेटर न्यायचाच असेल आणि तो सिलिंडरला पेचाने जोडायच्या डिन पद्धतीचा असेल, त्यांनी योकचा (शिकंजासारख्या जोडणीचा) अडॅप्टर बरोबर ठेवावा.

वेटसूटचे म्हणाल तर त्या पाण्याचे तापमान वर्षभर साधारण २६ ते २९ अंश असते. मला भाड्याचा आखूड सूट आणि आतून स्वतःचा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पातळ सदरा) एवढे पुरते. तो गार्ड त्या बारीक दोरीवर रात्रीत वाळतो. ज्यांना लवकर थंडी वाजते, ज्यांच्या पावलांच्या मापाच्या फिन्स दुकानात सहसा मिळत नाहीत, किंवा ज्यांच्या अंगकाठीला बाजारी मापाचा सूट बसतच नाही, त्यांनी तेवढी एक वस्तू खुशाल न्यावी आणि ती वाळवण्याचा त्रास सोसावा. बाल्कनी असलेली मोठी केबिन घेणाऱ्यांनाही माझे म्हणणे कदाचित तितकेसे पटणार नाही, पण टांगायला मनाई त्यांनाही आहेच.

भाड्याने घ्यायचे ठरले तर आपली उंची, वजन, पावलाचे माप आणि शिशाची नोंद दुकानाला आधीच ईमेलने कळवावी, कारण बंदरावर जहाज काही तासच थांबते आणि ग्रँड केमनसारख्या ठिकाणी तर जहाजावरून छोट्या बोटीने किनाऱ्याला जावे लागत असल्याने त्यातलाही काही वेळ जातो. एक कागदही सामानातच धरावा. प्रत्येक दुकान आरोग्याची प्रश्नावली भरून घेते, आणि तिच्यातल्या काही प्रश्नांना ‘हो’ आले की डॉक्टरांची सही मागते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी तो अर्ज इकडेच छापून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची सही आणि शिक्का घेऊन ठेवावा. सही नसेल तर दुकान बोटीवर घेत नाही, आणि तेवढ्या तासांत परक्या बंदरावर डॉक्टर शोधून सही मिळवणे बहुधा जमत नाही.