जळगावात नोकरी शोधताना: व्हॉट्सॲप ग्रुप की लिंक्डइन?

जळगाव एमआयडीसीत चटई, पाइप किंवा डाळ मिलला ऑपरेटर, फिटर हवा असेल, तर मेसेज बहुधा आधी व्हॉट्सॲप ग्रुपवरच येतो. नंबर दिलेला असतो, थेट बोलणं होतं. पण जागा भरली तरी तो मेसेज फिरत राहतो, आणि ग्रुपमध्ये १०२४ च्या वर सदस्य मावत नाहीत. कुणी 'रजिस्ट्रेशन फी' मागितली, तर कृपा करून एक रुपयाही पाठवू नका!

२००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवर भरती करणारेच कौशल्य, अनुभव, शहर टाकून उमेदवार शोधतात. इंजिनिअरिंग, आयटी करून पुण्या-नाशिकला जायचं असेल, तर माझं मत लिंक्डइनलाच. आयटीआयनंतर धुळ्या-जळगावातच राहायचं असेल, तर ग्रुप बरा; मात्र कारखाना स्वतः जाऊन बघा.