गोठ्यातला फिरता ब्रश : मुक्त गोठा असेल तरच

निपाणी-चिकोडीकडं मुक्त गोठा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी सोडायचा गोठा, घालायचा म्हटलं, की फिरत्या ब्रशाचा, म्हणजे गाईनं अंग घासायच्या मोटरवरच्या ब्रशाचा, विषय निघतो. गाईला मसाज कशाला, हा प्रश्नही लगेच येतो. त्याचं उत्तर गाईंनीच देऊन ठेवलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गाईंपुढं ढकलून उघडायचं फाटक ठेवलं आणि त्यावरचं वजन वाढवत नेलं. ताज्या वैरणीसाठी त्या जितका जोर लावायच्या, जवळपास तितकाच ब्रशासाठीही लावत होत्या. हे २०१८ सालचं संशोधन. अंग घासून घेणं ही गाईची खरी निकड आहे, याबद्दल वाद नको. वाद आहे तो यंत्राबद्दल.

दावणीला बांधलेल्या चार जनावरांसाठी हे घेऊ नये. स्वतः चालत जायचं, हवं ते अंग हवा तितका वेळ लावायचं, यातच जनावराची गोडी आहे. बांधलेल्या गाईला हाताचा खरारा बरा: कपाळ, मान, शेपटीचं मूळ, म्हणजे जिथं जीभ पोचत नाही तिथं.

ब्रश पटला की गाय मान लांब करते, डोळे अर्धे मिटते, कान सैल सोडते. कान ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, पाय जागेवर ठरत नाहीत, असं असेल तर ती बिचकलीय. पहिले दोन-तीन दिवस मोटर बंदच ठेवावी, नुसता ब्रश हुंगू द्यावा. तरीही जवळ येत नसेल तर ब्रशात करंट उतरतोय का ते तपासा. माणसाला कळणारही नाही इतक्या कमी व्होल्टेजचा झटका ओल्या फरशीवर गाईला जाणवतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हा ब्रश लावूच नये.

व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमते आणि वाइंडिंग जळतं, म्हणून ओव्हरलोड कटऑफ, म्हणजे ताण वाढला की मोटर आपोआप बंद करणारी सोय, असलेलंच मॉडेल घ्यावं. शेपटीचा गोंडा गुंतला की मोटर थांबायला किंवा उलटी फिरायला हवी. दुकानातच गोणपाट अडकवून पाहा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथून निघा. चार-पाचशे किलोची गाय रेलणार, तेव्हा विटांच्या भिंतीतले बोल्ट ढिले पडतात. काँक्रीटचा खांब हवा. जागा कोपऱ्यात नको: मारकी गाय आडवी उभी राहिली की गरीब गाईला ना आत जाता येतं, ना निसटता.

पंढरपुरी म्हशींच्या गोठ्यात लोंबता ब्रश अजिबात नको. ती लांब शिंगं दांड्यात अडकतात. तिथं खांबाला घट्ट बसवलेला, बिनमोटरचा ब्रश चांगला, स्वस्तही. तसंही म्हशीला ब्रशापेक्षा पाण्यात डुंबायला जास्त आवडतं.

बेळगावच्या खानापूरकडच्या पावसात ब्रशाचे केस वाळत नाहीत, आणि गजकर्ण एका गाईवरून दुसरीवर जातं. आठवड्याला साबणाच्या पाण्यानं धुवावा, ऊन पडलं की सुकवावा. डाग दिसलेली गाय वेगळी बांधावी. गोचीड मात्र ब्रशानं जात नाहीत, त्यांचं औषध वेगळं.

'दूध दोन लिटर वाढतं' ही विक्रेत्याची बोली. धारेच्या वेळी काठी आपटली, कुत्रं भुंकलं, की घाबरलेली गाय पान्हा चोरते. ते कुठलाही ब्रश भरून काढत नाही.

यंत्राचा एक फायदा मात्र जाहिरातीत फारसा सांगत नाहीत. ब्रश गव्हाणीपासून लांब लावला तर आजारी गाय तिकडं जाणं आधी सोडते; वैरणीला ती येतच राहते, म्हणून नुसत्या खाण्यावरून कळत नाही. गर्भाशयाची सूज आलेल्या गाईंत हे दिसून आलंय. कडक उन्हातही फेऱ्या कमी होतात, तेवढं ध्यानात ठेवावं. नेहमी येणारी गाय थंड वेळेलाही फिरकली नाही, तर थर्मामीटर लावा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेलं तर डॉक्टरांना बोलवा.