‘नक्की’ म्हणजे नक्की कधी? आमच्या टेलर काकांचा रिव्ह्यू

शिवणकामाला पाचपैकी पाच, तारखेला दोन, तेही मी दिलदार आहे म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझं दुसरं ब्लाऊज अजून काकांकडेच आहे.

आधी चांगलं सांगते. फिटिंगला तोड नाही. कटोरी असो की प्रिन्सेस कट, खांदा उतरत नाही, अस्तर आतून गोळा होत नाही आणि शिवणीत बोटभर माया सोडतात म्हणजे दिवाळीनंतर उसवून सैल करता येतं (करावं लागतंच). पैठणीचे काठ तर दोन्ही बाह्यांवर असे जुळवलेत की मोर बरोब्बर समोरासमोर.

आता तारीख. मावसबहिणीचं लग्न रविवारी, काका म्हणाले गुरुवारी नक्की. गुरुवारी गेले तर "उद्या नक्की ताई". मी म्हटलं नक्की ना, तर "शंभर टक्के!" आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, कारण काम खरंच होणार असलं की माणूस नुसतं "गुरुवारी या" म्हणतो, त्याला नक्की कशाला लावेल? लावला की समजायचं, कापडाला अजून कात्री लागलेली नाही. बरं आपण तोच शब्द प्रश्नात घातला, "नक्की कधी देणार?", की त्यात खात्रीबित्री काही नाही, नुसता वैताग. आणि पुढे "ना" जोडला की सरळसरळ संशय.

शुक्रवारी तिथल्या बाकड्यावर बसल्या बसल्या मोबाईलवर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला, १८५७ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते. एवढा जाडजूड कोश पण त्यात टेलरचा नक्की नाही. ‘पक्का’ बिचारा ‘पक्व’वरून आलाय, शिजलेला, पिकलेला. काकांचा नक्की मात्र कायम कच्चा.

ब्लाऊज मिळालं शनिवारी रात्री साडेनऊला, हूक तर काकूंनी माझ्यासमोर लावले. आणि बसलं असं की लग्नात तिघीजणींनी टेलरचा नंबर मागितला, काय बोलणार!

घाईचं काम असेल तर एक करा, काका "बघतो ताई, सांगता येत नाही" म्हणेपर्यंत दुकानातून हलू नका. फॉल-पिकोला तसं म्हणाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला साडी घडी घालून तयार.

दुसरं ब्लाऊज मंगळवारी नक्की मिळणारे. मी शुक्रवारी जाईन.