मेलुहातला शिव की 'युगंधर'मधला कृष्ण?

इंदूरच्या आमच्या घरात आजी श्रावणी सोमवारी बेल वाहते. तिच्यासमोर चिलीम ओढणारा शिव वाचायचा, म्हणजे पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर हवंच!

अमीश त्रिपाठींच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' (2010) या इंग्रजी कादंबरीतला शिव तिबेटातल्या टोळीचा म्होरक्या. त्याचा गळा हलाहलानं नव्हे, सोमरसानं निळा होतो. पानं भराभर उलटतात. भाषा मात्र ऑफिसातल्यासारखी.

शिवाजी सावंतांचं 'युगंधर' संथ. विशेषणांनी जीव दमतो, खरं सांगते. पण कृष्णासोबत रुक्मिणी, द्रौपदी, उद्धव बोलतात, आणि सारथी दारुकसुद्धा! घोडे हाकणाऱ्याच्या नजरेतला देव मला जास्त माणूस वाटला.

प्रवासात मेलुहा ठीक. 'युगंधर' आजीनं मागून नेलंय, अजून परत आलेलं नाही.