जयपूरजवळच्या ‘ब्लू पॉटरीच्या गावा’त ११,४०० रुपयांना फसलो

जयपूरला ब्लू पॉटरी, म्हणजे तिथली निळ्या नक्षीची भांडी, घ्यायला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच पाठ करून जा: ती कुंभाराच्या मातीची नसते. मला हे गेल्या डिसेंबरात माहीत नव्हतं.

आमेर बघून परतताना टॅक्सीवाले म्हणाले, “मॅडम, दुकान नहीं है, गाँव है. देखने के पैसे थोड़े ही लगते हैं.” दुकानांना विटलेल्या आमच्या सासूबाईही गाव म्हटल्यावर खूश झाल्या. तासाभराने उतरलो तर सारवलेलं अंगण, बाज, दोन शेळ्या आणि मधोमध चाकावर बसलेले एक आजोबा. त्यांनी काठीने चाक गरागरा फिरवलं आणि एकाच गोळ्यावरून दोऱ्याने कापून सात-आठ पणत्या उतरवल्या. लेकीचा हात धरून एक तिच्याकडूनही करून घेतली. हात कसलेला होता, त्यात वादच नाही. आजोबांबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्यांना बहुतेक दिवसाची मजुरी मिळत असावी.

पडवीत दोन मुली पांढऱ्या मगांवर फुलं रंगवत होत्या. डबीतला रंग झगझगीत निळा. मालक सांगत होता, “यही मिट्टी, यही रंग, फिर भट्टी.” भट्टी कुठाय विचारलं, तर म्हणे आज अमावस्या, बंद आहे. मागच्या दारातून आत गेलो तर थेट एसी शोरूम! त्याच निळ्या-पांढऱ्या मगांतून चहा आला. “रोज चाय पियो, माइक्रोवेव में डालो, कुछ नहीं होगा.” भिंतीवर जीआय टॅगचं (म्हणजे माल त्याच भागातला असल्याच्या सरकारी ओळखीचं) लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं, ते मी वाचलंसुद्धा नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, “अगं, तुळशीबागेत असतात तसेच दिसतायत.” मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

सहा मग, दोन थाळ्या, एक सुरई. अठरा हजारांवरून घासाघीस करत ११,४०० वर आणलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. कार्डाच्या मशीनला नेटवर्क नव्हतं, म्हणून यूपीआय केलं, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. बिल म्हणून वहीचा एक कागद.

पुण्यात पहिल्यांदा मग घासले तेव्हा बुडाचं ‘हँडमेड’ लिहिलेलं स्टिकर निघालं. त्याखाली छापलं होतं ‘मायक्रोवेव्ह सेफ’. सहाही मगांवर, त्याच जागी.

माझी मावसबहीण सिरॅमिक्स शिकवते. तिला व्हिडिओ पाठवला तर आधी ती पोट धरून हसली. “चाक? माती? ताई, ब्लू पॉटरीत क्वार्ट्झची पूड असते, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, कतिरा डिंक, सज्जीखार, टाकणखार. कणकेसारखं मळून, पोळीसारखं लाटून साच्यात दाबतात. चाकावर फार तर गळा नाहीतर बुड नीट करतात.” रंगाचं ऐकून तर मी कपाळावर हात मारला. खऱ्या ब्लू पॉटरीत निळा रंग कोबाल्ट ऑक्साइडचा. रंगवताना तो काळपट दिसतो, भट्टीतून निघाल्यावर निळा होतो. म्हणजे जे दाखवून मला गुंडाळलं, त्यातच सगळी चोरी उघडी पडली होती. आणि मायक्रोवेव्हचं तर नावच नको. ही भांडी कमी तापमानावर भाजतात, ती मुळातच नाजूक.

माझ्याकडचे मग तिच्या मते खुर्ज्याचे, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या सिरॅमिकच्या मोठ्या बाजारातले. मालात खोट काही नाही. दीडशे-दोनशेचा मग हजाराला विकला, एवढंच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, बिलावर काय लिहिलंय? कागदावर होतं ‘९ नग’ आणि आकडा. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. मालकाचा फोन पहिले दोन दिवस वाजला, मग बंदच झाला. टॅक्सीवाल्यांनी मात्र लगेच उचलला आणि म्हणाले, “मॅडम, मैं तो सिर्फ़ घुमाने ले गया था.”

तेव्हा जाणारच असाल तर साचे दाखवा म्हणा, रंगवलेली पण न भाजलेली एखादी वस्तू दाखवा म्हणा. काळपट नक्षी दिसली तर पुढे बोला. बिलावर ‘ब्लू पॉटरी, क्वार्ट्झ’ असं लिहून मागा. तिथे खळखळ करणारा माणूस कुठला ते लगेच कळतं. आधी डोळा तयार करायचा तर जयपुरात एमआय रोडवर ‘राजस्थली’ हे सरकारी एम्पोरियम आहे, तिथे वस्तू हातात घेऊन बघा. आणि टॅक्सीवाल्याने सुचवलेल्या गावाला जायचंच असेल तर चहा पिऊन, आजोबांच्या हातावर शंभर-दोनशे ठेवून परत फिरा.

मग रोजच्या वापरात आहेत. चहा त्यात बराच वेळ गरम राहतो, हे सासूबाई दर रविवारी पाहुण्यांना किमतीसकट सांगतात.