नवी हार्डडिस्क, वय २१,६४० तास

लॅपटॉपची २५६ जीबीची एसएसडी भरत आली होती आणि डीव्हीडी ड्राइव्ह कित्येक वर्षं उघडलाच नव्हता. तो काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे त्या ड्राइव्हच्याच आकाराच्या खोक्यात, एक टीबीची हार्डडिस्क बसवून घ्यायचं ठरवलं. दुरुस्तीवाल्याने कॅडी अचूक ९.५ मिमीची आणली, १२.७ची नाही, तेवढ्यावर मी त्याला जाणकार समजून बसलो. दहा मिनिटांत काम झालं. डिस्क मी हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही.

"फॉरमॅट करूनच दिलीये सर, तुमचा व्याप वाचवला."

मी वर त्याचे आभार मानले! नवी कोरी इंटर्नल डिस्क पहिल्यांदा जोडली, की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती सहसा 'नॉट इनिशिअलाइज्ड', म्हणजे वापरासाठी तयार न केलेली, दिसते. डिस्कच्या आखणीची पद्धत, एमबीआर की जीपीटी, ते आपल्याला निवडावं लागतं, मग पार्टिशन. माझ्यापुढे आयता डी ड्राइव्ह, ९३१ जीबी, रिकामा. (एक टीबीचे ९३१च दिसतात, त्यात लबाडी नाही.) रिकामा म्हणजे नवा, असं मीच धरून चाललो.

दहा वर्षांचे फोटो तिकडे हलवले. कॉपी नव्हे, कट-पेस्ट. आठवडाभरात फोल्डर उघडताना लॅपटॉप अडकू लागला, तळहाताखाली बारीक टक्-टक् जाणवायची. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं: पिवळा 'कॉशन', आणि 'पॉवर ऑन अवर्स' २१,६४०. म्हणजे दिवसरात्र धरून जवळजवळ अडीच वर्षं! स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. लेबलचा कोपरा नखाने अलगद सुटला, आणि त्यावरचा सीरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी जुळेना.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "ही आमची कशावरून?" पावतीवर नुसतं 'हार्डडिस्क १ टीबी'. त्यामुळे सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि तो लेबलशी व स्क्रीनशी तिथेच ताडून पाहा. नुसत्या तासांवर विसंबू नका, ते शून्यावर आणून विकणारेही आहेत.

एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइल्सची जागा खरोखर मोकळी करणारी सोय, चालू असल्यामुळे तिथले मूळ फोटो परत मिळाले नाहीत. हार्डडिस्कवर रिकव्हरी रात्रभर चालवली. माझे निम्मेअधिक फोटो अर्धवट करडे निघाले. कुणा अनोळखी मुलीचे पोहण्याच्या स्पर्धेतले चारशे फोटो मात्र स्वच्छ उघडले.